झोपेत दात खाणं: आधी काय पाहायचं, मग काय करायचं

रात्री दात खाणाऱ्याला स्वतःला पत्ताच नसतो. झोपमोड होते ती शेजारच्याची. म्हणून ही तक्रार बहुधा दुसऱ्याच्या तोंडून कळते. आई सांगते, पोरगं झोपेत कराकरा दात खातंय. बायको सांगते, तुमच्या जबड्याच्या आवाजाने मला जाग येते. मग घाईघाईत कुणी जंताचं औषध देतं, कुणी ऑनलाइन नाइट गार्ड (झोपताना दातांवर घालायचं आवरण) मागवतं, तर कुणाची मजल दाढा घासून चावा, म्हणजे वरचे-खालचे दात जुळण्याची ठेवण, 'नीट' करून घेण्यापर्यंत जाते. यातली एकही गोष्ट पहिली पायरी नाही.

पुढचं वाचण्याआधी एक सांगून टाकतो. झोपेतलं दात खाणं हमखास बंद करेल असा उपाय आज कुणाकडेही नाही. तसा दावा करणारी जाहिरात दिसली तर पुढे सरकावं. आपल्या हातात दोन कामं असतात: दातांचं आणि जबड्याचं नुकसान होऊ न देणं, आणि दात खाणं वाढवणाऱ्या गोष्टी हुडकून एकेक कमी करणं. मुलांच्या बाबतीत तर पुष्कळदा काहीही न करता नुसतं लक्ष ठेवणं हेच योग्य असतं.

पायरी १: रात्रीचं की दिवसाचं, हे ठरवा

वैद्यकीय भाषेत दोन्हींना ब्रक्सिझमच म्हणतात, पण प्रकार वेगळे आहेत. झोपेत जबड्याचे स्नायू लयीत आवळतात आणि सुटतात, दातांवर दात घासतात आणि तो ओळखीचा आवाज येतो. दिवसाच्या प्रकाराला आवाज नसतो. कॉम्प्युटरवर काम करताना, गाडी चालवताना, मोबाइलमध्ये डोकं घातलेलं असताना दात नकळत एकमेकांवर दाबून धरलेले असतात. कधी दात टेकलेलेही नसतात, नुसता जबडा ताठ धरलेला असतो. या विषयातल्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने २०१८ मध्ये जी व्याख्या मांडली, तिच्यात दोन्ही प्रकारांकडे जबड्याच्या स्नायूंची हालचाल म्हणून पाहिलं आहे. माणूस एरवी निरोगी असेल तर नुसत्या दात खाण्याला आजार म्हणायचं नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्यातून नुकसान होतंय का, हा खरा प्रश्न.

ओळखायचं कसं? सकाळी उठल्या उठल्या जबडा जड, कानशिलं दुखरी, आणि दुपारपर्यंत सगळं ठीक, असं असेल तर रात्रीचा प्रकार. सकाळी बरं वाटतं आणि संध्याकाळ होता होता गाल आणि कानशिलं ठणकू लागतात, असं असेल तर दिवसाचा. दोन्ही असणारेही बरेच आहेत. हा भेद करायचा तो एवढ्यासाठी की दिवसाची सवय ध्यानात आणून मोडता येते. रात्रीच्या बाबतीत 'आजपासून दात खायचे नाहीत' असा निश्चय करून झोपण्याला काही अर्थ नाही.

झोपेत नेमकं काय होतं

पूर्वी दंतवैद्य सर्रास सांगत की वरचे-खालचे दात नीट जुळत नाहीत म्हणून माणूस ते घासतो. हे मत आता मागे पडलं आहे. झोपेच्या प्रयोगशाळेत मेंदूच्या लहरी, हृदयाचे ठोके आणि जबड्याचे स्नायू यांची एकाच वेळी नोंद घेतली तेव्हा क्रम स्पष्ट दिसला. झोप एकसंध नसते. रात्रभरात अनेकदा मेंदू काही सेकंदांसाठी जागेपणाच्या काठावर येतो आणि परत झोपेत उतरतो. सकाळी यातलं काही आठवत नाही. अशा क्षणी आधी शरीराची सावध होण्याची यंत्रणा चाळवते, मग मेंदूच्या लहरी बदलतात, हृदयाची गती वाढते, त्यानंतर जबड्याचे स्नायू आकसतात. दातांवर दात घासणं हे या साखळीतलं अगदी शेवटचं टोक. म्हणजे सुरुवात वर, मेंदूत होते आणि दात बिचारे मार खातात. हे प्रकार जास्त करून उथळ झोपेत घडतात आणि एकेक झटका काही सेकंदांचाच असतो.

गंमत अशी की कधीच दात न खाणाऱ्या माणसांमध्येही, निम्म्याहून अधिक जणांच्या, जबड्याच्या स्नायूंची थोडीफार लयबद्ध हालचाल झोपेत दिसते. फरक असतो तो किती वेळा आणि किती जोरात याचा.

एकदा हे समजलं की कारणांची यादी पाठ करावी लागत नाही. झोप वारंवार चाळवणारी कोणतीही गोष्ट दात खाणं वाढवू शकते. झोपायच्या आधीची दारू, तंबाखू आणि सिगारेट, संध्याकाळनंतरचा चहा-कॉफी, घशाशी येणारं आम्ल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झोपेत श्वास अडणं. आनुवंशिकताही आहे, दात खाणाऱ्यांच्या घरात आणखी कुणीतरी दात खाणारं बऱ्याचदा सापडतं.

मानसिक ताणाचं काय? ताण हे कारण आहेच, पण लोक त्याला देतात तेवढं एकहाती श्रेय त्याला देऊ नये. दिवसा जबडा आवळण्याशी ताणाचं नातं अधिक स्पष्ट दिसतं. रात्रीच्या दात खाण्याशी ते तितकं सरळ नाही. 'टेन्शन घेऊ नका' एवढं सांगून रुग्णाला परत पाठवणं म्हणजे काहीच न सांगणं.

काही औषधांनीही हा त्रास सुरू होतो. नैराश्य आणि चिंतेवरची फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन ही त्यातली नेहमी सापडणारी नावं. लक्ष एकाग्र होण्यासाठी दिलं जाणारं मेथिलफेनिडेटही. औषध सुरू झाल्यावर किंवा डोस वाढल्यावर काही आठवड्यांत जबडा दुखू लागला, तर ही तारीख लिहून ठेवा आणि औषध देणाऱ्या डॉक्टरांना सांगा. ते डोस किंवा औषध बदलू शकतात. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका. नैराश्यावरचं औषध एकदम सोडण्याचा त्रास दात खाण्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

राहिले जंत. पोटात जंत झाले की मूल दात खातं, ही समजूत पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. जंतांमुळे दात खाल्ले जातात असं पक्कं सिद्ध झालेलं नाही. जंत असतील तर औषध द्यावंच, पण ते जंतांसाठी. औषध देऊनही मूल दात खातच राहिलं तर दुसरा-तिसरा डोस देत बसू नये.

पायरी २: आरशापुढे उभे राहा

चांगल्या उजेडात तोंड उघडा आणि या गोष्टी पाहा.

सुळ्यांची टोकं अजून टोकदार आहेत की सपाट झाली आहेत? पुढच्या दातांच्या कडा चिरल्यासारख्या, बारीक टवके उडालेल्या आहेत का? दाढांवरचे उंचवटे घासून गुळगुळीत झालेत का? गालाच्या आतल्या बाजूला, जिथे दात मिटतात त्या पातळीवर, आडवी पांढरट रेघ दिसते का? जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटले आहेत का? आता दोन्ही हातांची बोटं गालांवर, जबड्याच्या कोनाच्या थोडं वर ठेवा आणि दात आवळा. टणक फुगवटा हाताला लागेल. तोच चावण्याचा मुख्य स्नायू. तो फारच जाड वाटतो का, दाबल्यावर दुखतो का, हे पाहा. गालावरची रेघ किंवा जिभेवरचे ठसे एकेकटे असतील तर त्यांवरून काही ठरवू नका, बाकीच्या खुणांना ती जोड आहे.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली म्हणजे, झीज हा इतिहास असतो. दहा वर्षांपूर्वी खाल्लेल्या दातांची खूण आजही दिसते, कारण इनॅमल, म्हणजे दातावरचं कडक कवच, पुन्हा वाढत नाही. झिजलेला दात दिसला म्हणजे माणूस आजही दात खातोय असं ठरत नाही. दुसरी फसगत आम्लाची. आंबट पेयं सतत घोट घोट पिणं, वारंवार उलट्या होणं, घशाशी आम्ल येणं यांनीही दात झिजतात, आणि ही झीज दात खाण्याच्या नावावर खपून जाते. ओळखण्याची खूण अशी: घासून झिजलेले वरचे आणि खालचे सपाट भाग जबडा थोडा सरकवला की एकमेकांवर नेमके बसतात. आम्लाने झिजलेल्या दाढेवर मात्र वाटीसारखे खळगे पडतात, समोरचा दात जिथे टेकूच शकत नाही तिथेही झीज दिसते, आणि जुनी फिलिंगं आजूबाजूच्या दातापेक्षा उंच उठून दिसतात. दोन्ही एकत्र असतील तर झीज भराभर होते, कारण आम्लाने मऊ झालेला पृष्ठभाग घासायला वेळ लागत नाही. आंबट खाल्ल्या-प्यायल्यावर लगेच ब्रश करू नये, अर्धा ते एक तास थांबावं, असं सांगतात ते याचसाठी.

पायरी ३: दोन आठवडे नोंद ठेवा

वही किंवा मोबाइल, काहीही चालेल. किती वाजता झोपलात, संध्याकाळनंतर चहा, कॉफी, दारू घेतली का, सकाळी जबडा आणि कानशिलं कशी होती, शेजारच्याला काय ऐकू आलं, घोरत होता का. शून्य ते दहामध्ये दुखण्याला एक आकडा द्या. मोबाइलवर रात्रीचा आवाज रेकॉर्ड करता आला तर उत्तम. घोरणं आणि दात खाणं यांची गल्लत घरच्यांकडूनही होते. या नोंदीवरून निदान होत नाही, पण काय कमी केल्यावर फरक पडला हे नंतर तिच्यावरूनच कळतं. शिवाय डॉक्टरांसमोर 'कधी कधी होतं' असं मोघम बोलावं लागत नाही.

मुलं दात खातात तेव्हा

बाळाला वरचे आणि खालचे दात आले की काही मुलं लगेच ते एकमेकांवर घासू लागतात. नव्या वस्तूची चाचपणीच म्हणा. पुढे दुधाच्या दातांच्या काळात हे प्रमाण बरंच असतं आणि कायमचे दात येत जातात तसं ते कमी होत जातं. बाराव्या-तेराव्या वर्षापर्यंत बहुतेक मुलांची सवय आपोआप सुटते. मोठ्यांमध्ये रात्री दात खाणाऱ्यांचं प्रमाण साधारण ८ ते १० टक्के मानलं जातं, उतारवयात ते आणखी घटतं.

दुधाचे दात झिजलेले पाहून आई-बाप घाबरतात. दुधाच्या दातांचं इनॅमल कायमच्या दातांच्या निम्म्याच जाडीचं असतं, त्यामुळे झीज लवकर दिसते. पण झीज सावकाश होत असेल तर दात आतून स्वतःला जपत जातो, आतला गाभा मागे सरतो, आणि मूल दुखण्याची तक्रार करत नाही. ते दात पुढे पडणारच असतात. मूल मजेत आहे, जेवतंय, दात दुखत नाहीत, नाकाने शांत श्वास घेतंय, तर दर सहा महिन्यांनी दंतवैद्याला दाखवत राहणं एवढंच काम उरतं.

आता अपवाद. मुलाच्या दात खाण्यात माझ्या मते पहिला प्रश्न दातांचा नसतो, नाकाचा असतो. मूल तोंड उघडं टाकून झोपतं का? घोरतं का? झोपेत श्वास मध्येच थांबून मग जोरात ओढल्यासारखा आवाज येतो का? मान मागे टाकून, विचित्र अवस्थेत झोपतं का, घामाने भिजतं का? अंथरूण ओलं करणं थांबलेलं असताना पुन्हा सुरू झालंय का? दिवसा चिडचिड, वर्गात लक्ष न लागणं आहे का? यातल्या दोन-तीन गोष्टी असतील तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. वाढलेले टॉन्सिल आणि ॲडेनॉइड (नाकाच्या मागची गाठ) किंवा ॲलर्जीने सतत चोंदलेलं नाक झोपेत श्वास अडवतात, झोप चाळवते आणि त्या चाळवण्यातून दात खाल्ले जातात. अशा मुलांचे टॉन्सिल-ॲडेनॉइड काढल्यावर अनेकांचं दात खाणंही कमी होतं. निघताना दहा-पंधरा सेकंदांचा झोपेतला व्हिडिओ काढून न्या. तपासणीच्या खोलीत मूल घोरून दाखवत नाही.

घरी करण्यासारखं एवढंच: झोपण्याची वेळ रोज एकच ठेवा. झोपायच्या आधीचा तासभर टीव्ही-मोबाइल आणि दंगामस्ती बंद. नवी शाळा, घरात नवं बाळ, भांडणं असं काही चालू असेल तर मुलाशी बोलायला वेळ काढा. आवाज आला म्हणून मुलाला हलवून उठवू नका. झोप आणखी मोडते. आणि रागावू तर अजिबात नका. झोपेत केलेल्या गोष्टीबद्दल ओरडा बसला की मूल झोपायलाच घाबरतं.

वाढत्या वयात नाइट गार्ड सहसा देत नाहीत. जबडा वाढत असतो, दात पडत-येत असतात. आज नीट बसलेलं साधन काही महिन्यांत चुकीचं दाबू लागतं. बाजारातला गार्ड आणून मुलाच्या तोंडात घालणं तर नकोच. सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम यांसारख्या अवस्था असलेल्या मुलांमध्ये दात खाणं जास्त असतं, दिवसाही असतं, आणि झीज खूप होऊ शकते. त्यांच्यासाठी बालदंतवैद्याचा वेगळा सल्ला घ्यावा.

पायरी ४: मोठ्यांनी आजपासून करायचं

दिवसाची सवय आधी धरा, कारण यश तिथेच लवकर मिळतं. मोकळ्या अवस्थेत ओठ मिटलेले असतात, पण वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात. मध्ये दोन-चार मिलिमीटरची फट असते. बऱ्याच लोकांना हे ऐकून आश्चर्य वाटतं, त्यांना वाटतं तोंड मिटलं की दात टेकलेच पाहिजेत. चावणं आणि गिळणं धरून दिवसभरात दात एकमेकांना टेकतात तो वेळ सगळा मिळून ढोबळमानाने २० मिनिटांच्या आसपासच असतो. बाकीचा दिवस त्यांना सुट्टी हवी.

आता हे करा. 'न' हे अक्षर म्हणा आणि जीभ जिथे टेकली तिथेच, वरच्या पुढच्या दातांच्या मागे, हलकी ठेवा. ओठ मिटा. दात सुटे सोडा. खांदे खाली. नाकाने सावकाश श्वास सोडा. हीच जबड्याची मोकळी अवस्था. जिथे दात आवळले जातात तिथे आठवण ठेवा: मॉनिटरच्या कडेला रंगीत ठिपका, गाडीत समोर एक, मोबाइलवर तासातासाला एक हलकी सूचना. ठिपका दिसला की दात कुठे आहेत ते पाहायचं, टेकले असतील तर सोडायचे. पहिले काही दिवस दर वेळी टेकलेलेच सापडतील आणि वैताग येईल. काही आठवड्यांनी ठिपक्याशिवायच लक्षात येऊ लागतं.

च्युइंगगम, नखं, पेनाचं टोक, बर्फ चावणं बंद. स्नायू दुखरे असतील तेव्हा कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल गालांवर १५-२० मिनिटं ठेवा, मग बोटांनी गोल गोल हलकी मालिश करा. थोडे दिवस मऊ खा, मोठी जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरा. जबडा ताणण्याचे जोरकस व्यायाम व्हिडिओ पाहून करू नका. दुखरा सांधा त्याने आणखी चिडतो.

रात्रीसाठी: दुपारनंतर चहा-कॉफी बंद करून पाहा. कॅफिनचा अर्धा भाग शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, काहींना जास्त. दारूने झोप लवकर लागते खरी, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती तुटक होते. आम्ल घशाशी येत असेल तर जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा, डोक्याकडची बाजू उंच करा. उताणं झोपल्यावर त्रास वाढतो असं नोंदीत दिसलं तर कुशीवर झोपायची सवय लावा. एका वेळी एकच बदल करा आणि आठवडाभर पाहा. सगळं एकदम बदललं तर कशाने फरक पडला ते कळत नाही, आणि सगळंच एकदम सुटतं.

पायरी ५: गार्डच्या आधी श्वास

तुम्ही मोठ्याने घोरता, सकाळी डोकं जड असतं, दिवसा पेंग येते, घरचे म्हणतात श्वास थांबल्यासारखा वाटतो, किंवा रक्तदाब गोळ्यांनाही दाद देत नाही: यातलं काही असेल तर नाइट गार्ड बनवण्याआधी झोपेची तपासणी करून घ्या. काही जणांमध्ये वरच्या जबड्यावरचा साधा गार्ड झोपेतला श्वासाचा अडथळा वाढवू शकतो. उलट स्लीप ॲप्नियाचे (झोपेत श्वास अडण्याचे) उपचार, म्हणजे हवेच्या दाबाचं मशीन किंवा खालचा जबडा थोडा पुढे धरणारं साधन, नीट लागू पडले की दात खाणंही अनेकदा कमी होतं. हा क्रम फार लोक चुकवतात, दवाखान्यातही चुकतो. म्हणून दंतवैद्याने विचारलं नाही तरी घोरण्याबद्दल सांगा.

पायरी ६: दंतवैद्याकडे

नोंदवही, चालू औषधांची यादी आणि रेकॉर्डिंग बरोबर न्या. जुने फोटो किंवा दातांचे साचे असतील तर झीज किती वेगाने होतेय हे त्यांवरून ठरवता येतं. नसतील तर आता स्कॅन किंवा फोटो काढून ठेवायला सांगा, वर्षभराने तुलना होईल. तुटलेलं फिलिंग, चिरलेली दाढ यांवर आधी उपचार करून घ्या.

एका बाबतीत ठाम राहा. दात खाणं थांबावं म्हणून चांगल्या दाढा घासून चावा बदलणं, किंवा त्यासाठीच सगळ्या दातांवर कॅप बसवणं याला हो म्हणू नका. घासलेला दात परत येत नाही आणि दात खाण्याचं मूळ तिथे नसतं. असा सल्ला मिळाला तर दुसरं मत घ्या.

पायरी ७: नाइट गार्ड, नीट समजून

गार्ड दात खाणं थांबवत नाही. तो दातांच्या जागी स्वतः झिजतो आणि जोर सगळ्या दातांवर वाटून देतो. काहींचं पहिल्या आठवड्यांत दात खाणं कमी झाल्यासारखं वाटतं, मग पूर्ववत होतं. त्यात निराश होण्यासारखं काही नाही, गार्ड त्याचं काम करतोच आहे.

मोठ्या माणसांसाठी सहसा कडक ॲक्रिलिकचा, एका जबड्याचे सगळे दात झाकणारा गार्ड करतात. माप घेऊन किंवा स्कॅन करून तो बनवतात आणि बसवताना समोरचे सगळे दात त्यावर एकसारखे टेकतील असा घासून जुळवतात. ही जुळवणीच महत्त्वाची. मऊ रबरी गार्ड स्वस्त आणि घालायला सुखद असतात, पण काही जण ते चघळतात आणि जबडा आणखी थकतो. शिवाय ते लवकर फाटतात. गरम पाण्यात मऊ करून चावून आकार देण्याचे गार्ड थोड्या दिवसांची सोय म्हणून ठीक, वर्षानुवर्षांसाठी नाहीत. फक्त पुढचे दोन-चार दात झाकणाऱ्या छोट्या साधनांपासून जपून: मागच्या दाढा मोकळ्या राहिल्याने कालांतराने चावा बदलू शकतो, आणि एवढीशी वस्तू झोपेत गिळली जाण्याचा किंवा श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

सुरुवातीला लाळ जास्त सुटेल, दात आवळल्यासारखे वाटतील. हे काही रात्रींत सरतं. सकाळी गार्ड काढल्यावर थोडा वेळ चावा वेगळा वाटणं ठीक. पण तो दिवस चढला तरी जागेवर येत नसेल किंवा एखादा दात दुखत असेल तर गार्ड घालणं थांबवून दाखवून या. स्वतः घासून दुरुस्त करू नका.

सकाळी गार पाण्याखाली, मऊ ब्रश आणि सौम्य साबणाने घासा. टूथपेस्टने बारीक ओरखडे पडतात, गरम पाण्याने आकार बिघडतो. सुकवून हवा खेळणाऱ्या डबीत ठेवा. कागदात गुंडाळून ठेवलेले गार्ड कचऱ्यात जातात आणि कुत्र्यांना तर ते चावायला फार आवडतात. दंतवैद्याच्या प्रत्येक भेटीला गार्ड बरोबर न्या. त्यावरचे घासल्याचे पट्टे कुठे आणि किती खोल आहेत हे पाहून बरंच कळतं.

बोटॉक्स आणि गोळ्या

चावण्याच्या स्नायूत बोटॉक्सचं इंजेक्शन दिल्यावर आवळण्याचा जोर कमी होतो, दुखणं कमी होऊ शकतं. परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो. स्नायू कमजोर झाला तरी मेंदूतून येणारे झटके चालूच राहतात. पुन्हा पुन्हा इंजेक्शनं घेतल्यास स्नायू रोडावतो, जबड्याच्या हाडावर परिणाम होण्याचीही शंका आहे. बाकी उपाय करूनही दुखणं हटत नसेल तेव्हाच, अनुभवी हातून. चेहरा बारीक दिसावा म्हणून घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. झोपेच्या किंवा स्नायू सैल करण्याच्या गोळ्या कधी थोडे दिवस देतात, पण सवय लागण्याचा धोका आहे. दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून त्या आणू नका. मॅग्नेशियमच्या गोळ्यांची जाहिरात मोठी आहे, भक्कम पुरावा नाही.

हे दिसलं तर वाट पाहू नका

तोंड दोन बोटं मावतील एवढंही उघडत नसेल किंवा उघडल्यावर मिटत नसेल, तर त्याच दिवशी दाखवा. दात खाण्याबरोबर अंग ताठ होणं, हातापायांना झटके येणं, जीभ चावून रक्त येणं हे दात खाण्याचं लक्षण नाही. झोपेतल्या फिटची शक्यता धरून मेंदूविकार तज्ज्ञांकडे जावं लागतं. पन्नाशीनंतर नव्याने कानशिलाचं डोकं दुखू लागलं, डोक्याच्या त्वचेला हात लावला तरी दुखतं, घास चावताना जबडा दमून दुखतो आणि थांबलं की बरं वाटतं, आणि त्यात नजर धूसर होऊ लागली, तर कानशिलाच्या रोहिणीला (रक्तवाहिनीला) सूज आलेली असू शकते. यात डोळा जाण्याचा धोका असतो, तासांचा प्रश्न असतो. आणि चालताना किंवा जिना चढताना जबड्यात, विशेषतः खालच्या जबड्यात, कळ येते, छातीवर दाब येतो, घाम फुटतो किंवा दम लागतो, असं असेल तर ते हृदयाचं दुखणं असू शकतं. दंतवैद्याची वेळ घेत बसू नका, सरळ तातडीच्या विभागात जा.